पन्हळीच्या तोंडावरची वीट

पेगीने अठ्ठावन्नाव्या वर्षी मासळीच्या गाडीवाल्या हेक्टरशी लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. तळ्याकाठच्या लोकांना ते साल दुसऱ्या कशाने आठवत नाही. नवरदेवाच्या नव्या कोटालाही बांगड्याचा वास येत होता आणि पाद्रीबाबा सबंध प्रार्थना रुमालात नाक धरून म्हणाले, हे मात्र सगळ्यांना आठवतं.

पेगीची थोरली बहीण इश्बेल त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत राबली. दोघी बहिणी आईबापांच्या मागे त्याच घरात राहिल्या होत्या, त्याच मेंढ्या राखत होत्या, हिवाळ्यात एकाच शेगडीपाशी बसून एकमेकींशी भांडत होत्या. आता पेगी हेक्टरबरोबर खाडीपलीकडे जाणार होती. इश्बेलने सगळ्यांना वाढलं, सगळ्यांशी हसली. कोणी कीव करू नये म्हणून जरा जास्तच हसली.

दुसऱ्या दिवशी हेक्टरचा पुतण्या नील आणि त्याची बायको, दोघं बेन गार्ववर फिरायला निघाली. लग्नाचं जेवण जिरवायचं होतं. बेन गार्व म्हणजे इश्बेलच्या घरामागचा डोंगर. ठरावीक उंचीची शिखरं मोजत हिंडणाऱ्यांच्या यादीत तो बसत नाही, थोडक्यासाठी कमी भरतो. म्हणून त्याच्यावर गर्दी नसते. खडक, काळ्या चिखलाच्या पाणथळ जागा, हरणं, आणि कुठूनही वळून पाहिलं तरी खाली तळं. इश्बेल तो डोंगर पोरवयापासून चढत आलेली. मेंढ्यांसाठी चढायची, आणि मेंढ्यांचं काम नसलं की उगीचच चढायची.

दुपारी धुकं उतरलं आणि संध्याकाळी नीलची बायको एकटीच, चिखलाने माखलेली, दारात येऊन उभी राहिली. तिला नीट बोलताही येत नव्हतं. नील पन्हळीत पडला होता.

माथ्यावरून उतरताना डोंगराची धार एका जागी रुंद होते. तिथे सगळीकडे सारखी खडी पसरलेली. डावीकडची सोंड हळूहळू उतरत मेंढवाड्याशी येते. उजवीकडे पन्हळ, थेट तळ्यापर्यंत उतरणारी उभी घळ. पन्हळीचं तोंड हिरवंगार, सौम्य उताराचं. दमलेल्या माणसाला तीच वाट बरी वाटावी असं. थोडं उतरलं की गवत संपतं आणि ओला सपाट कातळ लागतो. त्या कातळावर पाय सुटला तर थांबायला खाली फक्त तळ्याचा काठ असतो.

नील मधल्या एका कपारीत अडकला म्हणून वाचला. गावातल्या पाचसहा जणांनी दोर लावून त्याला वर घेतलं. कमरेचं हाड मोडलं होतं. झोळीतून नेताना तो इश्बेलला म्हणाला, "मावशी, आम्ही वाट सोडली नव्हती हो. खुणेचा ढीग होता तिथे. मोठा, छातीएवढा. तो बघूनच वळलो."

इश्बेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डोंगरात फिरणाऱ्यांची एक रीत आहे. वाटेत दगडांचा ढीग दिसला की आपणही त्यावर एक दगड ठेवायचा. ढीग कोणी मांडला, कशासाठी मांडला, हे कोणी विचारत नाही. वाटेची खूण असेल, कोणाची आठवण असेल. दगड ठेवला की आपण डोंगराशी बरं वागलो असं माणसाला वाटतं आणि तो पुढे जातो. पन्हळीच्या तोंडावर असाच एक ढीग तीनचार वर्षांपासून वाढत होता. इश्बेलने तो पाहिला होता, कपाळाला आठी घातली होती आणि सोडून दिला होता. आता तिला तेच जास्त लागलं.

नीलला गाडीने इस्पितळात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळीच वर गेली. बरोबर बापाची लोखंडी पहार घेतली. ढीग तिच्या गळ्याशी येत होता. तिने वरून सुरुवात केली. एकेक दगड उचलून ती लांब, वेगवेगळ्या बाजूंना नेऊन टाकत होती. खाली ढकलायचे नाहीत, दगड घरंगळवायचा नाही, हे बापाने तिला चालायला शिकवतानाच शिकवलं होतं. खाली कोण असेल सांगता येत नाही. दुपार झाली, हाताची सालं निघाली, ती दगडांना शिव्या देत राहिली. हा कोणी आणला, हा कोणत्या गाढवाने इथवर वाहिला, याला दुसरा डोंगर नव्हता का.

अगदी तळाशी गेल्यावर पहार एका विटेवर आपटली.

लाल, शहरातली भट्टीची वीट. एका बाजूला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढलेला. बेन गार्ववर आजवर हरणांच्या शिंगांपासून लढाईतल्या विमानाच्या पत्र्यापर्यंत सगळं सापडलं होतं, पण वीट नव्हती सापडली. शहरातली घाण कोणीतरी पाठीवर घालून इथे आणून पुरली होती, तिच्या डोंगराच्या उरावर. बाकीच्या दगडांचा राग त्या एका विटेवर गोळा झाला. इश्बेलने ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली, सवयीने "खाली दगड" असं ओरडली, आणि पन्हळीत भिरकावली. वीट कातळावर आपटत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग थांबला.

तिला फार बरं वाटलं.

पेगी आठवड्याने माहेरी आली, तेव्हा इश्बेलने तिला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. पेगीने शांतपणे चहात बिस्किट बुडवलं आणि म्हणाली, "अगं, तुझा राग दगडांवर नाही. हेक्टरवर आहे. त्याला उचलून पन्हळीत टाकता येत नाही, म्हणून."

"त्याला टाकलं तर तळ्यातले मासे पळून जातील," इश्बेल म्हणाली.

दोघी हसल्या. पण पेगी गेल्यावर इश्बेलने शेगडीपाशी असलेली पेगीची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली.

ढीग परत झाला. महिन्याने ती वर गेली तर गुडघ्याएवढा उभा होता. नीट रचलेला, खाली मोठे, वर लहान. येणाऱ्याजाणाऱ्याने दगड ठेवून असा ढीग होत नाही. कोणीतरी बसून, मन लावून रचला होता. इश्बेलने तो पाडला. पुढच्या महिन्यात परत तयार. तोही पाडला. आता तिला झोपेतसुद्धा ते दगड दिसू लागले. दुकानात कोणी हवापाण्याचं विचारलं तरी ती ढिगावर यायची. दुकानदारीण सांगायची, इश्बेल आली की आम्ही आधी तिला डोंगराबद्दल बोलू देतो, मग पीठ देतो.

शेवटी डोंगरापलीकडच्या रेल्वे थांब्यावरच्या माणसाकडून कळलं, की एक म्हातारा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ग्लासगोच्या गाडीने येतो, पाठीवर पिशवी असते, आणि उत्तरेच्या बाजूने चढतो. तळ्याकडे कधी उतरत नाही. संध्याकाळच्या गाडीने परत जातो.

सप्टेंबरातल्या पहिल्या शनिवारी इश्बेल लवकर वर जाऊन बसली. हवा स्वच्छ होती, वारा होता, म्हणून चावऱ्या चिलटांचाही त्रास नव्हता. तिने ओटची बिस्किटं आणि चीज खाल्लं, थर्मासमधला चहा घेतला, आणि काय काय बोलायचं ते मनात लावून ठेवलं.

म्हातारा हळू आला. बुटका, रुंद खांद्यांचा, दर थोड्या अंतराने थांबून छाती धरणारा. तिला पाहून त्याने टोपी मागे सरकवली.

"काय कोंबडे, दमलीस का?" तो म्हणाला.

ग्लासगोचे लोक कुठल्याही बाईला कोंबडी म्हणतात, त्यात त्यांना काही वाटत नाही. इश्बेलला वाटलं.

"अंडी घालायला नाही बसले इथे," ती म्हणाली. "तुमची वाट बघतेय. हा ढीग तुम्ही रचता?"

त्याने पायांखाली पाहिलं. ढीग नव्हता. मागच्या महिन्यात रचलेले दगड सगळीकडे विखुरले होते. मग त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, शेजारच्या पहारीकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"तू," तो म्हणाला. "मला वाटलं, दारू पिऊन येणारी पोरं असतील. तू. या वयात. लाज नाही वाटत?"

मग इश्बेलने मनात लावून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. नीलचं हाड, त्याच्या बायकोचे रक्ताळलेले गुडघे, धुक्यात छातीएवढा दिसणारा ढीग, आणि शहरातून येऊन दुसऱ्याच्या डोंगरावर खेळ मांडणारी माणसं. ती जे बोलली त्यातलं बरंचसं इथे लिहिण्यासारखं नाही. ती दम घ्यायला थांबली तेव्हा म्हातारा म्हणाला की त्याचं नाव फार्कर मॅकफी. जहाजांच्या कारखान्यात तो जोडारी, म्हणजे फिटर होता, कारखाना बंद पडेपर्यंत. त्याचा मुलगा ड्युगल पाच वर्षांपूर्वी मार्चमध्ये इथे पडून मेला. ही पन्हळ त्याला पोलिसांनी नकाशावर बोटाने दाखवली होती. त्यापलीकडे कोणी काही सांगितलं नव्हतं.

इश्बेलने शेजारची पहार आणखी बाजूला सारली. पण रागाला एकदा उकळी आली की झाकण ठेवून ती लगेच बसत नाही.

"मग वाईट झालं," ती म्हणाली. "पण ज्या जागी तुझा पोरगा चुकला, त्या जागी तू लोकांना बोलावणारी खूण उभी केलीस. तुला कळतं का? तो एकटा चुकला होता. त्याच्यानंतरचे तुझ्यामुळे चुकले."

फार्करचा चेहरा पांढरा पडला. त्याने एक दगड उचलला आणि क्षणभर इश्बेलला वाटलं, हा आता आपल्याला मारतो. त्याने तो दगड हातात नुसता धरून ठेवला.

"आणि तुमच्या गावाने काय केलं?" तो म्हणाला. "एक पाटी लावली? एक तार ओढली? पन्हळ पन्हळ म्हणता, सगळ्यांना माहीत आहे ती खायला बसलीय. माझ्या पोराला कोणी सांगितलं?"

"डोंगरावर पाटी लावत नाहीत."

"का?"

तिला त्याचं उत्तर माहीत होतं. जन्मभर माहीत होतं. पाट्या लावल्या की लोक पाट्या बघतात, डोंगर बघत नाहीत. बाप हे म्हणायचा आणि ती मान हलवायची. आज या माणसासमोर ते तोंडातून बाहेर पडेना.

"लावत नाहीत," ती पुन्हा म्हणाली.

"मरू द्या मग," फार्कर म्हणाला आणि वाकून जमिनीवर काहीतरी शोधू लागला. दगड बाजूला सारत, गुडघ्यांवर, हाताने खडी उकरत. इश्बेलने विचारलं, काय शोधतोयस. त्याने वर पाहिलं नाही.

"बाकीचे घेऊन जा," तो म्हणाला. "सगळे ने. रचायचा म्हणून रचत होतो, म्हातारा माणूस रिकाम्या हाताने बसून काय करणार. तळाशी एक वीट होती. पांढऱ्या पट्ट्याची. दर वेळी ती शोधायलाच येतो. पहिल्यांदा ढीग पाडलास तेव्हाच ती गेली."

आमच्या चाळीमागे धुणीघर होतं, तो सांगत होता, त्याची भिंत. ड्युगलने तिच्यावर गोलच्या खांबाचे पट्टे ओढले होते, माझाच रंग चोरून. सबंध लहानपण त्याने त्या भिंतीवर चेंडू मारण्यात घालवलं. शेजारणी शिव्या घालायच्या. नगरपालिकेने धुणीघर पाडलं, त्या दिवशी एक वीट मी उचलून आणली. तेव्हा तो जिवंत होता. हसला मला. म्हणाला, बाबा, विटेचं काय करणार.

इश्बेल उठून उभी राहिली. तिने पहार उचलली, परत ठेवली. तिच्या आयुष्यात तिने एकच दगड डोंगरावरून खाली टाकला होता.

"ती पन्हळीत टाकली मी," ती म्हणाली. "रागाने. मुद्दाम."

फार्करने उकरायचं थांबवलं. शिवी दिली नाही. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"खाली चल," इश्बेल म्हणाली. "तुझी गाडी चुकेल. चुकू दे."

डाव्या सोंडेने ती दोघं उतरली. ती पुढे, तो मागे. त्याचे गुडघे उताराला दुखत होते आणि तो दर वळणाला कुरकुरत होता, की असल्या रस्त्याने शेळीसुद्धा येणार नाही. इश्बेल म्हणाली, शेळी नाही, मेंढ्या येतात, आणि त्या कुरकुरत नाहीत. मेंढवाड्यापाशी ती थांबली, त्याला पाणी दिलं. तिथून तळ्याच्या काठाने ती पन्हळीच्या पायथ्याकडे वळली. तिथे वरून वाहून आलेल्या दगडांचा मोठा पसारा आहे, आणि त्याच्या टोकाला, पाण्यापासून थोडं वर, एक वाकडं, लाल फळांच्या घोसांचं रोवनचं झाड.

झाडापाशी ती थांबली. एवढा वेळ तिने हे बोलायचं टाळलं होतं.

"तुझा मुलगा मला सापडला," ती म्हणाली. "कोकरांच्या दिवसांत मेंढ्या बघायला आले होते. इथे होता. या झाडाखाली."

फार्करने टोपी काढली. मग पाच वर्षं साठवलेले प्रश्न तो एकापाठोपाठ एक विचारू लागला आणि इश्बेल जे पाहिलं होतं तेच सांगू लागली. हो, बर्फ होता. नाही, फार वेळ जिवंत नसावा, डोक्याला लागलं होतं. डोळे मिटलेले होते. मीच मिटले असं नाही, मिटलेलेच होते. एक हातमोजा नव्हता. मी माझी शाल घातली त्याच्यावर, होडी येईपर्यंत बसले. पेगी पोलिसांना फोन करायला धावली. होडीतून नेलं त्याला, म्हणून तुला ही जागा कोणी दाखवली नाही.

"खिशात काही होतं?"

"जॅम लावलेला पाव. कागदात बांधलेला. तसाच होता."

"खाल्लाच नाही गाढवाने," फार्कर म्हणाला. "मी बांधून दिला होता. म्हटलं, लवकर खा, दमल्यावर डोकं चालत नाही."

त्याने झाडाला हात लावला, मग पाठ फिरवून तळ्याकडे बघत उभा राहिला. इश्बेल दगडांच्या पसाऱ्यात शिरली. तिला त्याच्यापाशी थांबता येत नव्हतं आणि हाताला काहीतरी काम हवं होतं. ती दगड उलटत गेली. करड्या दगडांत लाल रंग लपत नाही. दोन तुकडे झाले होते, एक हातात मावेल एवढा, एक मोठा. मोठ्यावर पांढरा पट्टा शाबूत होता. तो रोवनच्या मुळाला टेकून पडला होता, तिने शाल पसरली होती त्या जागेपासून एक हात अंतरावर.

ती ओरडली नाही. तिने फार्करला खूण केली.

तो आला, वाकला. इश्बेलने तुकडा उचलून त्याला द्यायला हात पुढे केला, तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. "इथेच राहू दे." आणि मग, तिच्याकडे न बघता: "बरं झालं टाकलीस, असं मी म्हणणार नाही. ते माझ्याकडून ऐकायची वाट बघू नकोस."

"नाही बघत," इश्बेल म्हणाली.

त्याने धाकटा तुकडा थोरल्याच्या शेजारी ठेवला. वर एकही दगड ठेवला नाही.

त्या दिवशी गाडी चुकलीच. इश्बेलने त्याला घरी नेलं, तो आत आला नाही. बाहेरच्या भिंतीवर बसून बटाट्याचं सूप प्यायला आणि हेक्टरच्या मासळीच्या गाडीतून दुसऱ्या थांब्यावर गेला. हेक्टरने सांगितलं की सबंध वाटेत म्हातारा एकच वाक्य बोलला, की या गाडीला भयंकर वास येतो.

पुढे तो दर वर्षी मार्चमध्ये यायचा, तळ्याच्या बाजूने. वर चढायचा नाही. झाडापाशी बसायचा, परत जाताना इश्बेलच्या भिंतीवर बसायचा, आणि दोघांचं पाटीवरून भांडण व्हायचं. तो म्हणायचा, एक पाटी. ती म्हणायची, एकही नाही. तिसऱ्या वर्षी इश्बेलने भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची उचलून बाहेर आणून ठेवली, त्याच्या पाठीसाठी. तो त्यात बसला आणि तितक्याच जोराने भांडला. त्याने तिला क्षमा केली, असं तिला कधी वाटलं नाही. तिने मागितलीही नव्हती.

पन्हळीच्या तोंडावर लोक अजून दगड ठेवतात. कोणीतरी एक ठेवतो, मागचा दुसरा ठेवतो. इश्बेल महिन्यातून एकदा जाऊन ते उचलायची, लांब नेऊन टाकायची आणि ठेवणाऱ्यांना शिव्या द्यायची. गुडघे गेल्यावर ते काम नीलने घेतलं. तो लंगडत चढतो आणि तिच्यापेक्षा वाईट शिव्या देतो.

फार्कर मॅकफी पेगीच्या लग्नानंतर सहाव्या वर्षी, फेब्रुवारीत, ग्लासगोला छातीच्या दुखण्याने वारला. इश्बेल त्यानंतर दोन वर्षांनी, कोकरांच्या दिवसांत, आपल्या घरी वारली.